सामायिक वाड्यातला एकटा नायक

काळोख्या प्रेमकथांमधल्या नायकाला सातबारा नसतो. समुद्राकाठी कड्यावर त्याचा वाडा असतो, वाड्याला बावीस खोल्या, त्यांतली एक कायमची कुलूपबंद, आणि एवढ्या सगळ्याचा मालक तो एकटा. वय चोवीस. भाऊबंद नाहीत, चुलते नाहीत, सासरी गेलेली पण हिश्श्यावर पाणी न सोडलेली आत्या नाही. मी स्वतः अशीच एक आत्या असल्यामुळे तिची उणीव मला लगेच जाणवते.

वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंत कुठल्याही वाडीत जा, एखादं मोठं घर बंद सापडतंच. पडवीचे वासे वाळवीने खाल्लेले, खळ्यात रान माजलेलं, तुळशीवृंदावनाला तडा. परक्या माणसाला वाटावं, इथे नक्की काहीतरी घडलंय. घडलेलं असतंच, पण ते तलाठ्याच्या दप्तरात. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यांतली निम्मी वारलेली, उरलेली बोरिवली-डोंबिवलीला, आणि कौलं कोणाच्या पैशाने बदलायची यावर कित्येक वर्षं एकमत नाही. चतुर्थीला घर उघडतं, तेवढे दिवस सगळे एकमेकांशी फार प्रेमाने वागतात. विसर्जन झालं की परत कुलूप.

हा एकटा वारस आला कुठून, तर इंग्लंडातून. तिथे थोरला मुलगा सगळी मिळकत घेऊन बसायचा, धाकट्यांनी सैन्यात नाहीतर चर्चमध्ये पोट भरायचं. १७६४ साली होरेस वॉलपोलने ज्या कादंबरीने या प्रकाराचा नारळ फोडला, तिचा कणाच मुळी 'किल्ल्याचा खरा वारस कोण' हा आहे. माडीवरची खोली वर्षानुवर्षं बंद ठेवायची तर घरावर एकट्याचा ताबा लागतो, आणि 'आत काय आहे रे?' असं विचारणारं घरात कोणी नसावं लागतं. आमच्याकडे अशी खोली बंद ठेवून दाखवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी धाकटी काकू 'आमची परात थंय रवली' म्हणून कुलूप फोडून आत शिरेल. शिवाय १९९४ पासून महाराष्ट्रात आणि २००५ पासून देशभर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही जन्मापासून वाटा आहे. म्हणजे त्या गूढ नायकाला बहीण असली तर तीसुद्धा बावीसपैकी आपल्या खोल्या मागणार.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते माझ्या भाचीमुळे. ती बारावीला आहे, गावातच असते आणि प्रतिलिपी या ॲपवर कथामालिका लिहिते. रात्री जेवणं आटोपली की पडवीत, रेंज धरते त्या एका खांबाला टेकून, अंगठ्याने. वाचकही तिच्याच वयाचे. कोणी नांदेडची, कोणी जळगावची, त्या 'पुढचा भाग कधी?' म्हणून तिच्या मागे लागतात आणि नायकाच्या बाबतीत फारच हळव्या आहेत. मी वाचायला घेतलं ते आत्याचं कर्तव्य म्हणून. कुडाळला गाडीत बसले आणि रत्नागिरी येईपर्यंत मान वर केली नाही. पोरीला गोष्ट सांगता येते, यात वाद नाही.

"याला म्हणतात काय?" मी फोन करून विचारलं. (घरात आम्ही मालवणीत बोलतो, इथे सगळ्यांच्या सोयीसाठी नेहमीच्या मराठीत लिहिते.)

"डार्क रोमान्स. पण थ्रिलर. पण आमच्या वयाचा."

"तो दुसरा 'पण' काय करतो?"

"म्हणजे खून चालतो, मिठी चालते. त्यापुढे दार बंद."

या एका वाक्यात तिने बरीच समीक्षा उरकली. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या या कथांत रक्त सांडायला फारशी आडकाठी नसते. विहिरीतून प्रेत निघतं, गळ्यावरचे वळ तपशिलाने येतात. शरीराच्या प्रेमाची वेळ आली की मात्र लेखक दाराबाहेर उभा राहतो. तिच्या कथेत पहिल्याच भागात नायिकेचा अठरावा वाढदिवस होतो, तोही उगाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर अठराच्या आतल्या मुलीच्या संमतीला कायद्याच्या दृष्टीने अर्थ उरलेला नाही, आणि नायक तर चोवीसचा. हे तिला कॉलेजातल्या एका व्याख्यानात कळलं आणि तिने त्याच रात्री नायिकेला केक कापायला लावला.

बाकीचे रिवाजही तिला पाठ आहेत. नायिका बाहेरगावची हवी, म्हणून पुण्याची. आईवडील वाटेतून दूर हवेत, म्हणून वडील वारलेले आणि आई परदेशात नोकरीला. निवेदन 'मी'चं आणि वर्तमानकाळातलं: 'मी दार उघडते. आत कोणी नाही.' भूतकाळात सांगितलं तर सांगणारी जिवंत राहिली हे वाचकाला आधीच कळतं, म्हणे. बरोबर आहे तिचं. नायिकेच्या आधी कोणीतरी एक मुलगी होऊन गेलेली हवी, सुंदर, सगळ्यांच्या लक्षात राहिलेली आणि मेलेली. हा रिवाज पक्का झाला तो दाफ्ने दु मोरिएच्या १९३८ मधल्या 'रिबेका'ने. तिथली मेलेली पहिली बायको पानोपानी नावानिशी वावरते आणि जिवंत असलेल्या निवेदिकेला अख्ख्या पुस्तकात नाव मिळत नाही. १९६४ मध्ये त्याच गोष्टीवरून हिंदीत 'कोहरा' आला, तो माझ्या आईने पाहिलाय. तिला आता त्यातला वाडा आठवतो, गाणी आठवतात आणि वहिदा रेहमान आठवते. खून कोणी केला ते विचारलं तर म्हणते, "ता आता कोणाक ठावक."

माझं आणि भाचीचं भांडण वेगळ्याच ठिकाणी आहे. ते नीट मांडायला हवं, कारण तिला वाटतं मी नायकाच्या वाईटावर आहे.

प्रेमकथा म्हटली की शेवटी दोघांचं जमलं पाहिजे. थ्रिलर म्हटला की शेवटी गुन्हेगार सापडला पाहिजे. आता ज्याच्याशी जमायचं आहे तोच गुन्हेगार निघाला तर प्रेमकथा बुडाली. म्हणजे नायक निर्दोष आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. तरीही संशय तर त्याच्यावरच यायला हवा, नाहीतर पानं उलटायची कशाला? मग लेखक काय करतो? नायकाच्या नावावर एकेक संशयास्पद गोष्ट चढवत जातो. तो तिच्या मागोमाग बाजारापर्यंत जातो. तिचा फोन उघडून बघतो. कालच्या रात्री कुठे होता ते खोटं सांगतो. तिच्या मित्राला धमकावतो. एकदा तर तिच्याच भल्यासाठी तिला खोलीत कोंडून ठेवतो. वाचक म्हणतो, हाच तो. आणि शेवटच्या तीन भागांत कळतं की खून त्याने केलेलाच नाही. केला तो घरातल्या हसतमुख डॉक्टरकाकांनी.

खुनातून तो सुटतो ते ठीकच. पण त्याबरोबर बाकी सगळ्यातूनही सुटतो. मागे गेला तो काळजीपोटी. फोन बघितला तो धोका ओळखायला. कोंडलं ते वाचवायला. ज्या गोष्टींनी मघाशी अंगावर काटा आला होता, त्याच आता प्रेमाचा पुरावा म्हणून वाचकापुढे येतात. खून तर खोटाच होता, पण कोंडणं खरं होतं ना? त्या पोरीने त्या खोलीत एक रात्र काढलीच होती. त्या रात्रीचा हिशेब मला या कथांत कुठेच दिसत नाही.

त्यात भर म्हणजे आजकाल एक भाग तिचा आणि एक भाग त्याचा. त्याच्या भागात आपण त्याच्या डोक्यात बसतो. त्याचं बालपण, त्याची झोप न लागणं, तिच्याबद्दलचा त्याचा जीव, सगळं आपल्याला आधी कळतं. एकदा का माणसाच्या आतलं कढत पाणी ऐकू आलं की त्याने बाहेरून लावलेली कडी ऐकू येत नाही. मेलेल्या मुलीला मात्र एकही भाग नाही. मी विचारलं तर भाची म्हणाली, "तिला बोलू दिलं तर सस्पेन्स फुटेल." हेही खरंच आहे. तंत्र म्हणून चोख आहे, आणि त्याचमुळे मला त्याचा जास्त राग येतो.

खिडकीखाली उभं राहण्याचंच घ्या. तिच्या सातव्या भागात नायक भर पावसात, मध्यरात्री, नायिकेच्या खिडकीखाली भिजत उभा आहे. शंभराहून अधिक मुलींनी त्याखाली लाल बदाम टाकलेत. मी म्हटलं, अगो, आपल्या वाडीत असा कोणी उभा राहिला तर दहा मिनिटांत पाच कुत्रे, शेजारचा बाबी आणि बॅटरी घेतलेली तुझी आजी एवढी मंडळी गोळा होतील. आणि पावसात भिजेल कशाला? कोकणात चार महिने पाऊस हे कामाचे दिवस, दुःखाचं चिन्ह बिन्ह काही नाही. माणूस घराबाहेर पडतो तो छत्री घेऊनच. त्यावर ती हसली. मग मी गंभीर झाले आणि तिचा चेहरा पडला. मुलीने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणं, बोलणं लादणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेत ३५४-ड म्हणून आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. तिने विचारलं, "म्हणजे मी सातवा भाग काढून टाकू?"

नाही. काढू नको, असंच मी तिला सांगितलं. अंधार काढून टाकलेल्या पुस्तकांचा मला कंटाळा आहे. कुमार साहित्य नावाच्या कपाटात आमच्या लहानपणी साहसं भरपूर होती, पण मुलीला एखादा मुलगा आवडतो आणि त्याची भीतीही वाटते, या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात हे सांगणारं तिथे काही नव्हतं. त्या कपाटातून आम्ही एकदम मोठ्यांच्या कपाटात उडी मारली. वाचनालयात आमच्याच मुलखातले चिं. त्र्यं. खानोलकर होते. त्यांची 'रात्र काळी घागर काळी' मी नको त्या वयात वाचली, अर्धी कळली नाही, आणि उरलेली अर्धी कोणाला विचारायची सोय नव्हती. माझ्या भाचीच्या पिढीला ते मधलं कपाट मिळालंय, मग भले ते फोनमध्ये का असेना. ते कुलूप लावून बंद करा असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

आणि हे दुखणं जुनंही आहे. १८१७ च्या अखेरीस, जेन ऑस्टिन वारल्यानंतर तिची एक कादंबरी छापून आली. तिची नायिका सतरा वर्षांची आणि असल्या भीतीच्या कादंबऱ्यांची भक्त. पाहुणी म्हणून एका जुन्या मठाच्या वाड्यात जाते. वादळी रात्र, खोलीत काळं कपाट, कपाटात कागदांची गुंडाळी, आणि नेमकी मेणबत्ती विझते. रात्रभर ती पांघरुणात थरथरते. सकाळी उजेडात बघते तर ते कागद धुण्याला दिलेल्या कपड्यांच्या याद्या. मला हा प्रसंग फार आवडतो. पण त्याहून आवडतं ते पुढचं. घरचा यजमान जनरल, याने बायकोला मारलं असणार असा तिचा संशय. तो खोटा ठरतो, ती शरमेने मरायला होते. मग त्याच जनरलला कळतं की पोरगी आपल्याला वाटली तेवढी श्रीमंत नाही, आणि तो तिला सकाळी सकाळी घराबाहेर काढतो. सत्तर मैलांचा प्रवास, सोबत कोणी नाही. खून त्याने केला नव्हता. पण माणूस कसा आहे याचा पोरीला आलेला वास बरोबर होता. ऑस्टिनबाईंनी त्याला खुनातून सोडलं आणि बाकीच्यात धरून ठेवलं. मी भाचीला हेच सांगत होते, फक्त मला इतक्या थोडक्यात सांगता आलं नाही.

हसतमुख डॉक्टरकाकांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. गुन्हेगार ओळखीतला निघावा हा या कथांचा रिवाज खऱ्या जगाला धरून आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलीच्या ओळखीतला होता. पडक्या किल्ल्यातल्या अनोळखी माणसापेक्षा ओटीवर चहा पिऊन जाणारा जास्त धोक्याचा, हे असल्या कथा सोळाव्या वर्षी सांगत असतील तर चांगलंच आहे.

किल्ल्यावरूनही आमची एकदा जुंपली. तिला चौदाव्या भागात नायिकेला जुलैमधल्या रात्री एकटीला सिंधुदुर्ग किल्ल्यात न्यायचं होतं. मी म्हटलं, नेणार कशी? पावसाळ्यात मालवणहून किल्ल्याची होडी बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही बंदी, होड्या झापांखाली वाळूत ओढून ठेवलेल्या. आणि समज पोहोचली, तरी एकटी कुठली? किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. रात्री दरवाजात पोरगी दिसली तर आधी विचारतील, कोणाची तू, जेवलीस काय? तिला हे पटलं, आणि तिने भाग नोव्हेंबरात ढकलला. किल्ल्यातल्या बाईला मात्र ठेवलं. ती बाई आता कथेतलं सगळ्यात चांगलं पात्र आहे.

कुलपाचा विचार करताना मला सारखी आठवते ती आमच्या रत्नागिरीची गोष्ट. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला गादीवरून खाली ओढलं आणि पुढच्या वर्षी राणीसह रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्या चार राजकन्या इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. आज लोक बघायला जातात तो थिबा पॅलेस बांधून झाला १९१० मध्ये. राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. समुद्राकाठी उंचावर वाडा, परक्या देशात अडकलेलं राजघराणं, वयात आलेल्या मुली. या कथांना लागतं ते सगळं आहे. थोरल्या राजकन्येचा जीव जडला तो दरवान गोपाळवर. त्याला बायको होती. १९०६ मध्ये राजकन्येला मुलगी झाली, टुटू. मला यात नवल वाटत नाही. आत ठेवलेल्या मुलीला दिसून दिसून कोण दिसणार, तर दारावरचा माणूस. आपल्याला आवडला तो हा गोपाळच, की दार उघडू शकणारा कोणीही आवडला असता, हे तिला तरी कुठून कळावं?

१९१९ मध्ये राजाचं कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. थोरली पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटूने इथल्याच माणसाशी संसार केला, मराठी बोलत, गरिबीत, आणि इथेच म्हातारी झाली. राजाची नात आहे हे गावाला माहीत होतं. त्याने चुलीला काही फरक पडत नव्हता. ही गोष्ट मी भाचीला अगदी रंगवून सांगितली. ती शेवटपर्यंत गप्प बसून ऐकत होती. मग म्हणाली, "पण यात खून कुठेय?"

खून नाही, वाडाही जळत नाही. त्या इंग्रजी कथांत शेवटी वाडा जळून जातो, तो एक मोठा सोयीचा रिवाज आहे. घर जळलं की घरात काय काय झालं त्याचा प्रश्न मिटला. इथे जांभ्याच्या भिंती, त्या जळत नाहीत. वर पंचनामा होतो.

आमच्या घरच्या भीतीच्या गोष्टींना एक शिस्त होती, ती मला अलीकडे फार महत्त्वाची वाटायला लागली आहे. आजोबा चकव्याची गोष्ट सांगायचे. पाणंदीतून येणारा माणूस, अमावास्या, वाट रोजचीच, पण तो फिरून फिरून त्याच फणसापाशी येतो. आमची बोबडी वळलेली असायची. तेवढ्यात आजोबा आवाज न बदलता सांगायचे: चकवा लागला की चालायचं नाही. आहे तिथे बूड टेकायचं. विडी असेल तर पेटवायची, सदरा काढून उलटा घालायचा, आणि फटफटेपर्यंत उठायचं नाही. रात्री बाहेरून कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. खाडीकाठी ओळखीचा माणूस भलत्या वेळी दिसला तर आधी त्याचे पाय बघायचे. भीती पोटभर मिळायची, आणि तिच्याबरोबर घरी परत यायचं कसं तेही. एकही गोष्ट त्याशिवाय संपायची नाही. आरवलीच्या वेतोबाचंच बघा. भुतांचा राजा, रात्रीचा एकटा हिंडणारा, दिसायला उग्र; काळोख्या नायकाची सगळी लक्षणं. पण तो हिंडतो तो गावाच्या राखणीला, म्हणून तर हिंडून हिंडून झिजतात अशा समजुतीने लोक त्याला भल्याथोरल्या चपला वाहतात. कोणा एकीच्या खिडकीखाली तो उभा राहत नाही. (वेतोबाला यात ओढल्याबद्दल आईने मला आधीच झापलंय.)

तर आता कथा एकविसाव्या भागावर आली आहे. खुनी मोकळा फिरतोय, आणि नायक नायिकेला तिच्याच जिवासाठी मांगरात कोंडून, बाहेरून आडणा घालून निघून जातो. जांभ्याच्या भिंती, खिडकी नाही, आत गवत, सोडणं, मोडका नांगर. मूळ बेत असा की ती रात्रभर रडेल, पहाटे तो रक्तबंबाळ येऊन दार उघडेल, ती त्याच्या गळ्यात पडेल. मुली वाट बघतायत.

मी एवढंच विचारलं, "ती आत बसून राहते?"

"मग काय करेल? दार बाहेरून बंद आहे."

"तू असतीस तर काय केलं असतंस?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "कौलं काढून बाहेर आले असते. गवताच्या भाऱ्यांवर चढून. लहानपणी लपाछपीत किती वेळा केलंय." मग थांबली. "पण ती पुण्याची आहे. तिला कुठे माहीत असणार?"

त्यावरून अर्धा तास गेला. शेवटी तिनेच वाट काढली. चौथा भाग मे महिन्यात घडतो, पाऊस तोंडावर आलाय, वाड्यात घर शाकारायला गडी लागलेत. नायिकेला तिथे आतापर्यंत काहीच काम नव्हतं, नुसती माडीवरून समुद्राकडे बघत होती. आता तिला खाली आणायची. घरातली म्हातारी स्वैपाकीण तिला कौलं हातोहात द्यायच्या रांगेत उभी करील, फुटकं कसं ओळखायचं आणि बसवलेलं कसं काढायचं ते दाखवील. वाचणाऱ्याला वाटेल, गमतीचा प्रसंग आहे. सतरा भागांनंतर तेच उपयोगी पडेल. आणि पहाटे नायक येऊन आडणा काढील तेव्हा आत कोणी नसेल. पुढे त्या दोघांचं जमवायचं की नाही हे तिने अजून ठरवलेलं नाही. नांदेडची मुलगी फार चिडेल, असं म्हणते.

मग चौथा भाग दुरुस्त करायला बसली आणि तिथेच अडली. मांगरावर नळे, म्हणजे जुनी अर्धगोल कौलं, दाखवायचे की मंगलोरी कौलं? मला सांगता येईना. ओटीवर सुपारी कातरत बसलेल्या आईने मान वर न करता सांगितलं, "नळे असले तर हातान सरकतत. मंगलोरी असतीत तर आदी वर उचलूक व्हया, मगे बाजूक. आणि तिका सांग, पयला कौल काढलंस काय डोळे मीट. सगळी धूळ तोंडार येता."